ऑक्सिजन बंदैती

२ डिसेंबर, सकाळी ११
साखर कारखान्याच्या वीजघरात तिसऱ्या मजल्यावर डीएरेटर नावाची एक टाकी आहे. आजपासून ती माझी. ऑर्डरवर ‘हंगामी हेल्पर’ लिहिलंय. लिहू देत.

काम असं. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात हवा विरघळलेली असते. तिच्यातला ऑक्सिजन गरम नळ्यांचं लोखंड आतनं खातो. म्हणून पाणी आधी या टाकीत वाफेनं तापवायचं. हवा सुटते आणि माथ्यावरच्या व्हेंटमधनं थोड्या वाफेसकट बाहेर जाते. एवढंच. बॉयलर इन्चार्ज मारुतीरावांना एवढं सांगायला अर्धा तास लागला. मला पाच मिनिटांत समजलं होतं. केमिकल इंजिनिअरिंगची तीन सेमिस्टर काय उगाच केली?

वर म्हणाले, व्हेंटातनं कायम हातभर वाफ दिसाय पायजे बघ नागेंद्रा, दिसली न्हाय की समज पाणी गुदमरलं.

पाणी गुदमरलं म्हणे. असल्या लोकांच्या हाताखाली काम करायचं.

(कॉलेज मी सोडलं. कॉलेजनं मला नाही. सरांच्या टेबलावर जर्नल आपटलं ते त्यांच्या चहात पडलं, यात चहाची जागा चुकीची होती. हा विषय या वहीत परत काढणार नाही.)

३ डिसेंबर
लॅबमध्ये चंदना आहे. निपाणीचीच, जैन. वडील पद्मराज अण्णा, तंबाखूचे व्यापारी. घरी अर्धं कन्नड, अर्धं मराठी. दर दोन तासांनी ती माझ्या टाकीतलं पाणी तपासते. काचेची एक कुपी पाण्यात मोडते, कसला तरी रंग बघते आणि मला इंटरकॉमवर ऑक्सिजनचं रीडिंग सांगते.

दर दोन तासांनी. इतक्या वेळा आई पण फोन करत नाही.

आज चार वेळा बोललो. ‘शून्य शून्य सात.’ ‘शून्य शून्य सहा.’ सहा म्हणताना आवाज मऊ झाला होता.

भरमाकडनं कळलं, एकतीस जानेवारीला तिचं प्रोबेशन संपतं. ती पर्मनंट होणार. भरमा खाली, बॉयलरला उसाचा भुसा सोडणाऱ्या फीडरवर असतो, त्याला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. ठरवलं: तोवर आपण पण पर्मनंट. मग थेट पद्मराज अण्णांकडं. घाबरतो काय कुणाच्या बापाला.

४ डिसेंबर
स्कीम सुचली. व्हेंटमधनं चोवीस तास वाफ फुकट जाते आणि कुणालाच काही वाटत नाही. व्हॉल्व्ह बंद केला तर वाफ वाचेल, साहेबांना कळेल, पर्मनंट. चहा प्यायच्या आत बंद करून टाकला. अगदी धाग्याएवढी वाफ ठेवलीय, दयेपोटी.

मारुतीरावांचे गुडघे तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचत नाहीत. ते खालनंच मान वर करून बघतात आणि शेजारच्या टाकीची वाफ बघून खूश होऊन जातात. व्हॉल्व्हला पाटी बांधली: ‘हात लावू नये. आदेशावरून.’ पुढच्या पाळीवाल्यानं विचारलं, कुणाचा आदेश रं? म्हटलं, वाचता येतंय न्हवं?

५ डिसेंबर
मोबाइलवर कन्नड शिकायचं ॲप घेतलं. तीस दिवसांचा कोर्स. जावई कन्नड बोलतोय म्हटल्यावर पद्मराज अण्णा निम्मे तिथंच विरघळतील. आजचा शब्द: तुंबा. म्हणजे पुष्कळ. इथं निपाणीत कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, पण ॲप बेंगळूरचं आहे, शुद्ध असणार.

आमच्या बेळगावजवळच्या पिरनवाडीत लहानपणापासून कन्नड कानावर आहे. मी मुद्दाम शिकलो नव्हतो, तत्त्व म्हणून. तत्त्व बदललं.

६ डिसेंबर, दुपारी
धाडस केलं. इंटरकॉमवर म्हटलं, मॅडम, उद्यापासनं मला रीडिंग कन्नडात सांगा. आणि आकडे नकोत, वाक्यात सांगा, प्रॅक्टिस हुईल. ती म्हणाली, आकडा माझ्या रजिस्टरला लिहिते, तुम्हाला वाक्यात सांगते, पण समजेल ना? मी म्हटलं, मॅडम, बेळगावचा हाय मी.

हसली. मी ऐकलं.

७ डिसेंबर
पहिलं कन्नड वाक्य: ‘ऑक्सिजन बंदैती.’

ॲप उघडायची पण गरज पडली नाही. बाजारात रोज ऐकतो, अंगडी बंद ऐती, म्हणजे दुकान बंद आहे. तसं ऑक्सिजन बंद आहे. व्हेंट बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन बंद! मारुतीरावांचं विज्ञान कुठं गेलं? लॉगबुकात सुवाच्य लिहिलं: ‘ऑक्सिजन बंद. ओके.’

तिला उत्तर दिलं, छलो आतु. म्हणजे छान झालं. ती म्हणाली, आँ? लाजली असणार.

१० डिसेंबर
संकल्प: कांदा सोडला. लसूण पण. बटाटा सोमवारपासून. त्यांच्या घरी चालत नाही. आत्तापासून सवय पाहिजे, लग्नानंतर धावपळ नको.

११ डिसेंबर
मेसमध्ये भजी होती. भजीतला कांदा हा कांदा धरत नाही, तो बेसनाच्या आत असतो.

१८ डिसेंबर
आज तिनं वाक्यात एक शब्द वाढवला. ‘भाळ बंदैती.’

भाळ! ॲपमध्ये पुष्कळला तुंबा आहे, भाळ नाहीच. म्हणजे हा शब्द कन्नड नाही, तिनं मुद्दाम मराठी घातला. मराठीत भाळ म्हणजे कपाळ. पण भाळणे म्हणजे? इतक्या दिवसांत एक मराठी शब्द मध्ये घातला तर तो नेमका हा.

तासभर विचार केला. कपाळ धरलं तर तिचं डोकं दुखतंय. भाळणं धरलं तर माझं काम झालं. दोन्ही बाजू सांभाळून भरमाबरोबर बामची डबी पाठवली. भरमा म्हणाला, येनपा, प्रेमात मान्सं गजरा देत्यात, तू बाम द्यायलास, पुढच्या टायमाला कोलगेट दे. त्याला मारणार होतो, पण तो फीडरवर असतो आणि त्याच्या हातात फावडं असतं.

डबी परत आली नाही. म्हणजे ठेवून घेतली.

२१ डिसेंबर
कँटीनमध्ये ती माझ्यापुढं तीन माणसं सोडून उभी होती. मिसळ घेतली. काउंटरवर म्हणाली, मामा, कांदा अजून घाला की, एवढ्याशानं काय होतंय.

अकरा दिवस. (भजी सोडून.)

मी पण कांदा घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यानं.

२४ डिसेंबर
खाली उतरलो तेव्हा लॅबच्या खिडकीत रॅकवर तिच्या कुप्या ओळीनं लावलेल्या होत्या. सगळ्या गुलाबी. आधी नुसत्या पिवळसर असायच्या. आता एकापेक्षा एक गडद. काही गोष्टी माणसं तोंडानं बोलत नाहीत.

इंटरकॉमवर मात्र आवाज कडक. ‘भाळ बंदैती, री! नोड्री!’ मी म्हटलं, छलो आतु, छलो आतु. तिनं फोन आपटला. आतल्या आत कुणी किती दाबून ठेवणार?

२ जानेवारी
नवीन वर्षात तापट स्वभाव सोडायचा ठरवलंय. दुसराच दिवस आहे, बघू.

आज ती मारुतीरावांच्या केबिनला गेली. पाऊण तास. मी वरनं बघत होतो. बाहेर आली तेव्हा मान खाली. मारुतीराव मला म्हणाले, लॅबवाली पोरगी म्हंतीया पाण्यात ऑक्सिजन लई यायलाय, कुपी गुलाबी हुतीया. मी तुझं लॉगबुक काढून दावलं तिला. रोज ऑक्सिजन बंद, ओके, सही. म्हटलं, बाई, तुझं कुपीतलं औषध जुनं झालंय, बदल.

माझ्या लॉगबुकावर इतका विश्वास! अक्षराचा फायदा आहे. शाळेत शुद्धलेखनाला दहापैकी नऊ असायचे.

चंदनाचं मात्र वाईट वाटलं. औषध खराब, म्हणून कुपी गुलाबी. तरी बिचारी मला खरं तेच सांगते: बंदैती. मन खरं ओळखतं, कुपी खोटी पडते.

८ जानेवारी
नवीन औषध आलं. तरी गुलाबी. मारुतीराव चारचौघांत तिला म्हणाले, आता हात पण बदलून आणतीस काय? सगळे हसले. मी पण थोडा हसलो, मारुतीराव माझ्याकडं बघत होते म्हणून. ती हसली नाही.

ॲपचा कोर्स बाविसाव्या दिवशी थांबलाय. नेट नीट येत नाही.

१३ जानेवारी, संध्याकाळी, एसटीत
संक्रांतीला घरी निघालो. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

निपाणी स्टँड. मी आणि भरमा बेळगावच्या गाडीसाठी उभे. भरमा पुढं बघून आला आणि ओरडला, बस बंदैती! म्हणजे गाडी बंद. मी खाली बसलो. शेजारच्या एका आज्जीला पण म्हटलं, बसा आज्जी, गाडी बंद हाय. आज्जी पिशवी घेऊन बसली.

समोर गाडीत सगळं स्टँड चढत होतं. भरमा खिडकीतनं डोकं काढून बोंबलतोय, येनपा नागेंद्रा, बंदैती, बंदैती! मी म्हटलं, कळलं रं, बंद हाय, मग तू कशाला चढलास? आज्जीनं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, आरं मुडद्या, बंदैती म्हंजे आली न्हवं! बंद ऐती न्हवं, बंदैती! कुठल्या गावचा रं तू?

धावत गाडी पकडली. आज्जीला दंडाला धरून चढवलं. ती हत्तरगीपर्यंत मला कन्नड शिकवत होती. भाळ म्हणजे काय, ते पण सांगितलं. पुष्कळ.

ऑक्सिजन आलाय. पुष्कळ आलाय. अहो, बघा.

सदतीस दिवस ती मला हेच सांगत होती.

१४ जानेवारी, पिरनवाडी
तिळगूळ खाल्ला नाही. आईनं विचारलं, पोट बिघडलंय काय? म्हटलं, व्हय. तिनं लगेच ओवा दिला. माझ्या आईकडं सगळ्यावर ओवा आहे.

विचार केला. चूक माझी एकट्याची नाही. ॲपमध्ये ‘आलंय’ला ‘बंदिदे’ आहे, ‘बंदैती’ नाही. ॲपला एक स्टार दिला आणि खाली चार ओळी लिहिल्या. जरा बरं वाटलं.

ठरलं: उद्या जाऊन पहिल्यांदा व्हेंट पूर्ण उघडायचा. मग मारुतीरावांना सगळं सांगायचं. मग तिला.

१५ जानेवारी
व्हेंट एकदम उघडला तर हातभर वाफ अचानक दिसेल. मारुतीराव विचारतील, इतके दिवस कुठं होती? म्हणून व्हॉल्व्हचा पाव आटा, म्हणजे पाव फेरा, उघडला. रोज पाव पाव उघडणार. कुणाला कळणार नाही, पाण्याला पण नाही. सांगायचं ते सगळं सुरळीत झाल्यावर सांगू. लोक शांत असताना ऐकतात.

लॉगबुकात आज काय लिहावं सुचेना. ‘ओके’ लिहिलं.

१७ जानेवारी
पाव आटा. ती आता वाक्यात पण सांगत नाही. ‘बंदैती’ एवढंच म्हणते आणि ठेवते. आज पहिल्यांदा मला समजलं आणि पहिल्यांदा मी ‘छलो आतु’ म्हटलं नाही. नुसतं ‘हं’ म्हटलं. फरक तिच्या लक्षात आला असेल.

१९ जानेवारी, दुपारी ३
बॉयलर बंद. हे मराठीतलं बंद.

बॉयलरला जाणारं पाणी आधी तापवतो त्या इकॉनॉमायझरची नळी फुटली. दहाला आवाज झाला, मग सगळीकडं वाफ. गाळप थांबलं. उसाचे ट्रॅक्टर सर्व्हिस रोडवर नजर जाईल तिथपर्यंत. माणसांना काही झालं नाही, देवाची कृपा. नळी कापून काढली. मारुतीरावांनी ती उजेडाकडं धरली आणि मला आत बघायला लावलं. देवी आलेल्या चेहऱ्यासारखे खड्डे. म्हणाले, ऑक्सिजन हाय ह्यो. पोरगी खरं सांगत हुती. तुझं अक्षर वाचून मी तिला खोटी पाडली रं.

मी म्हटलं, नळी जुनी होती.

ते गुडघे धरत तीन मजले चढले, पाटी वाचली, व्हॉल्व्ह आपल्या हातानं उघडला. हातभर वाफ आली.

२१ जानेवारी
शुक्रवारी चौकशी. भरमा सांगत होता, साहेब लॅबवर चिडलेत: कळत होतं तर लेखी का दिलं नाही? तिची पर्मनंटची फाइल टेबलावर अडवून ठेवलीय.

आता ठरलं. एक वाक्य आहे: ‘मॅडमना कन्नडात सांगा, आकडे नको असं मीच म्हणालो होतो, आणि अर्थ मीच चुकीचा घेतला.’ आरशापुढं बारा वेळा म्हटलं. शेवटच्या चार वेळा आवाज चांगला लागला. नोकरी गेली तर गेली. ती बघेल तरी माझ्याकडं.

२४ जानेवारी, संध्याकाळी
चौकशी झाली.

जीएम साहेब, मारुतीराव, ती, मी. तिच्यासमोर तिचं रजिस्टर. रोजचे आकडे, वेळेसकट, सुवाच्य. माझ्यापेक्षा चांगलं अक्षर. तिनं सांगितलं, हेच रोज इंटरकॉमवर कन्नडात सांगत होते. साहेब तिला म्हणाले, अहो, कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाला तुम्ही कन्नडात रीडिंग सांगत बसला? आकडा सांगायला काय झालं होतं?

अर्धवट. हा एक शब्द. त्यानंतर माझ्या डोक्यात काय झालं ते मला माहीत नाही. वाक्य तयार होतं, तेच म्हणायला उठलो होतो. तोंडातनं आलं ते असं: अर्धवट कुणाला म्हणताय? सीमाभाग हाय साहेब, मराठी माणसाला मराठीत सांगायला यांच्या तोंडाला काय झालं होतं? मुद्दाम कन्नडात सांगत होत्या!



तिनं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदा, सरळ. मग साहेबांना म्हणाली, सर, कन्नडात सांगा असं यांनीच मागितलं होतं. साहेबांनी मला विचारलं, खरं काय? हो किंवा नाही.

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. मी म्हटलं, मला आठवत नाही.

२५ जानेवारी
घसा बसलाय. काल ओरडल्यामुळं. बोलणं शक्य नाही, त्यामुळं साहेबांकडं जाण्यात अर्थ नाही.

२७ जानेवारी
लेखी देणार. लेखीला जास्त वजन असतं. पहिला कागद फाडला, भाषा फार पडती होती. दुसऱ्यात माझ्यावर झालेल्या अन्यायाची पार्श्वभूमी लिहिता लिहिता दोन पानं झाली आणि मूळ वाक्य राहून गेलं. तिसरा बरा आहे. तीन ओळी. खिशात ठेवलाय.

३० जानेवारी
कागद खिशात. साहेब मीटिंगला बाहेर. खरं म्हणजे केबिनमध्ये होते, पण चेहरा मीटिंगमधल्यासारखा होता.

३१ जानेवारी
तिचं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं. ‘रीडिंग लेखी कळवले नाही’ म्हणून वर मेमो पण. भरमानं सांगितलं. बामवरनं चिडवायचा तसा हसला नाही. म्हणाला, तुला ठाऊक हुतं न्हवं रं? आणि फीडरकडं गेला.

मला काही झालं नाही. हंगामी माणसाचं प्रोबेशन नसतं, त्यामुळं वाढवता येत नाही. डीएरेटरवरनं काढून मागं डीगॅसर टॉवरवर टाकलं. तिथं पाणी वरनं सोडतात, खालनं पंख्याची हवा मारतात आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड घालवतात. एक व्हॉल्व्ह आहे, त्याला साखळी आणि कुलूप.

वीजघरात नवीन नोटीस: रीडिंग फक्त आकड्यात, फक्त लेखी. शब्द वापरू नयेत.

६ फेब्रुवारी, दुपारी १
डीगॅसरचं सॅम्पल लॅबला आपण न्यायचं असतं. आज पहिली वेळ. कागद वरच्या खिशात घेतला. देणारच होतो. खिडकीतनं बाटली आत सरकवली. तिनं बाटली उजेडाकडं धरली आणि परत केली. मराठीत म्हणाली, गळ्यात हवा राहिलीय, तोंडापर्यंत भरून आणा.

परत गेलो, तोंडापर्यंत भरली, पाण्याखाली बूच लावलं. आणताना शर्ट भिजला. कागद भिजून शाई पसरली. तीनच ओळी होत्या, आता एकच निळा डाग आहे.

ती टेस्ट करेपर्यंत खिडकीशी उभा राहिलो. म्हटलं, मॅडम, त्या दिवशी. एवढंच म्हटलं. ती थेंब मोजत होती, मान वर केली नाही. मोजून झाल्यावर चिठ्ठीवर आकडा लिहून बाहेर सरकवली. सात.

मी विचारलं, सात म्हणजे चांगलं का वाईट?

म्हणाली, आकडा लिहा.

लिहिला. सात.